अस्सल तबकडी, नकली तबकडी : सोल संगीताविषयी एक संवाद

सिॲटलच्या ईशान्येस, समामिश नदीच्या काठी आणि किंग व स्नोहोमिश या दोन काउंटींच्या सीमेवर वसलेल्या बॉथेलमध्ये आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. मात्र ज्या महानगराचे हे उपनगर आहे, त्याच्या सेंट्रल डिस्ट्रिक्ट या वस्तीत १९६० आणि १९७०च्या दशकांत कृष्णवर्णीय गायक-वादकांचे एक जोमदार संगीतविश्व नांदत होते, याची कल्पना त्यांतील थोड्यांनाच असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोइंगच्या कारखान्यांत आणि गोद्यांमध्ये काम मिळेल म्हणून अमेरिकेच्या अन्य भागांतून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांमुळे ही वस्ती वाढली. १९४८ साली तरुण रे चार्ल्स याच शहरात आला, आणि क्विन्सी जोन्स याच वस्तीतील गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिकला. चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्तता आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय समाजात जे संगीत घडले, त्याला सोल म्हणतात. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, प्रत्येक बाजूस साधारणपणे एकच गाणे असणारी सात इंची तबकडी हे त्याचे मुख्य वाहन होते.

या तबकड्यांच्या नकला १९७०च्या दशकापासून बाजारात आहेत, आणि अस्सल कोणती, नकली कोणती हा प्रश्न तेव्हापासून संग्राहकांना पडत आला आहे. त्याहून अवघड प्रश्न असा की ही निवड मुळात करावी कशासाठी. त्याची मांडणी करण्यासाठी येथे बॉथेलच्या एका मराठी घरातील दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत : नोकरीतून निवृत्त झालेले, सोलच्या तबकड्या निष्ठेने जमवणारे काका, आणि त्यांची पुतणी, जी हेच संगीत मनापासून ऐकते, परंतु तबकडीच्या अस्सलपणाला फारसे महत्त्व देत नाही.

पुतणीचा पहिला आक्षेप सरळ आहे. “काका, गाणे तेच, आवाज तोच, वादकही तेच. एका तबकडीला पाचशे डॉलर आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसरीला दहा डॉलर पडत असतील, तर उरलेले चारशे नव्वद डॉलर संगीताचे नसून दुर्मीळपणाचे आहेत. ऐकणाऱ्याने ते का मोजावेत?”

काका आधी शब्दांची नेमकी व्यवस्था लावू पाहतात. मूळ कंपनीने गाणे प्रथम प्रसिद्ध केले त्या काळात छापलेली प्रत म्हणजे मूळ छाप. त्याच कंपनीने, किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्या कोणी, नंतर काढलेली प्रत म्हणजे पुनर्मुद्रण, आणि त्यात गैर काहीच नाही. परवानगीशिवाय काढलेल्या प्रतींना संग्राहक सरसकट ‘बूटलेग’ म्हणत असले, तरी त्यांतही भेद आहेत : मूळ लेबलाची हुबेहूब नक्कल करून खऱ्याचा आभास निर्माण करणारी प्रत बनावट ठरते, ध्वनिमुद्रण चोरून वेगळ्याच लेबलाखाली विकलेली प्रत चोरटी ठरते, तर मैफिलीचे किंवा कंपनीने कधीच प्रसिद्ध न केलेले ध्वनिमुद्रण बाहेर काढले, तर काटेकोर अर्थाने ते बूटलेग होय. “ऐकणाऱ्याची फसवणूक यांतल्या पहिल्याच प्रकारात पुरेपूर होते,” काका म्हणतात, “कारण ती प्रत स्वतःविषयी खोटे बोलते.”

या साऱ्या व्यवहाराचे उगमस्थान अमेरिकेत नसून उत्तर इंग्लंडमध्ये आहे. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात आणि पुढे १९७३ ते १९८१ या काळात विगन कॅसिनोमध्ये कामगारवर्गातील तरुण रात्रभर नाचत, आणि त्यांना हवी असत ती अमेरिकेत अजिबात न खपलेली, १९६०च्या दशकाच्या मध्यातली वेगवान सोल गाणी. लंडनमधील दुकानदार आणि लेखक डेव्ह गोडिन याने या आवडीला नॉर्दर्न सोल हे नाव दिले. न खपलेले गाणे म्हणजे थोड्या प्रती, आणि थोड्या प्रतींवर हजारोंची मागणी. अशा ठिकाणी नक्कल करणारे आले नसते तरच नवल. डीजे मंडळी आपल्या दुर्मीळ तबकडीच्या लेबलावर कागद चिकटवत आणि गायकाचे खोटेच नाव सांगत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आणि नक्कल करणाऱ्याला मूळ प्रत शोधता येऊ नये. या प्रकाराला ‘कव्हर-अप’ असे नाव होते.

काकांच्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)’ या गाण्याचे आहे. मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ नावाच्याच उपलेबलासाठी १९६५ साली त्याची नमुना प्रत निघाली, पण तबकडी रीतसर बाजारात आलीच नाही. विल्सन गाण्याऐवजी निर्मितीकडे वळला, आणि नमुना प्रतींपैकी अगदी मोजक्या उरल्या. १९७०च्या दशकात हे गाणे इंग्लंडच्या नाचघरांत गाजले ते चोरट्या तबकडीवरून, आणि त्या तबकडीवर नाव होते एडी फॉस्टर या भलत्याच गायकाचे. ब्रिटनमध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले १९७९ साली. मूळ नमुन्याची एक प्रत २००९ साली २५,७४२ पौंडांना विकली गेली, आणि २०२०मधील एका विक्रीत ही किंमत एक लाख पौंडांवर पोहोचली.

“मग त्या चोरट्या तबकडीचे उपकारच मानायला हवेत,” पुतणी म्हणते. “कंपनीने गाणे कपाटात ठेवले, डीजेने नाव लपवले, आणि विगनच्या गिरणी-कारखान्यांतल्या पोरांपर्यंत ते पोहोचवले कोणी, तर ज्याला तुम्ही चोर म्हणता त्याने. ज्याच्याकडे अस्सल प्रत होती, त्याला ते गाणे दुसऱ्या कोणाकडे असू नये असेच वाटत होते.”

हा मुद्दा काकांना खोडून काढता येत नाही. ते एवढेच दाखवून देतात की त्या तबकडीने गाणे पोहोचवले, पण गाणाऱ्याचे नाव पुसले. आणि नाचघरातल्या मागणीला प्रामाणिक उत्तर देता येत होते, याचाही पुरावा आहे. आर. डीन टेलरचे ‘देअर्स अ घोस्ट इन माय हाउस’ हे गाणे अमेरिकेत १९६७ साली पडले होते. मोटाउनने ते ब्रिटनमध्ये १९७४ साली स्वतःच पुन्हा काढले, आणि ते तिथल्या लोकप्रियता यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले.

येथून संवाद ओळखीच्या प्रत्यक्ष खुणांकडे वळतो, आणि काकांचा खरा अधिकार येथेच आहे. तबकडी घडते कशी हे समजल्याशिवाय तिच्या खुणा वाचता येत नाहीत. चुंबकीय फितीवरचे ध्वनिमुद्रण प्रथम लॅकर या मऊ लेपाच्या चकतीवर खाचांच्या रूपाने कोरले जाते. कोरणारा तंत्रज्ञ शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात त्या ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक हाताने ओरखडतो किंवा ठशाने उमटवतो. या क्रमांकाला मॅट्रिक्स क्रमांक आणि त्या कोऱ्या पट्ट्याला संग्राहकांच्या भाषेत ‘डेड वॅक्स’ म्हणतात. लॅकरवर धातूचा थर चढवून साचे तयार होतात, आणि साच्यातून प्रती निघतात. म्हणजे लॅकरवरचा प्रत्येक ओरखडा त्यातून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर जसाच्या तसा उतरतो. नक्कल करणाऱ्याकडे ना मूळ फीत असते, ना मूळ साचा. त्याच्याकडे असते फक्त एक विकत मिळवलेली प्रत, आणि ती वाजवून त्याला नवे लॅकर कोरून घ्यावे लागते. लेबल छापखान्यात नकलता येते, पण कोऱ्या पट्ट्यातले दुसऱ्याचे हस्ताक्षर आणि दुसऱ्या कारखान्याचे ठसे नकलण्याची तसदी १९७०च्या दशकातल्या नकलाकारांनी क्वचितच घेतली.

“त्या पट्ट्यात काय वाचायचे?” पुतणी विचारते.

“कारखाना,” काका सांगतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातून निघालेल्या तबकडीवर वर्तुळात ‘एमआर’ ही अक्षरे असतात आणि एका लहान त्रिकोणापुढे चढत्या क्रमाने दिलेला कामाचा क्रमांक असतो. हे क्रमांक कालानुक्रमे वाढत गेल्यामुळे तबकडी साधारण कोणत्या महिन्यांत घडली हेदेखील त्यांवरून ताडता येते. न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओत कोरलेल्या लॅकरवर त्या स्टुडिओच्या नावाचा ठसा असतो. मिशिगन राज्यातील ओवोसो या लहान गावी अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग कंपनीचा कारखाना होता, मोटाउनच्या असंख्य तबकड्या तेथे छापल्या गेल्या, आणि त्याची ‘एआरपी’ ही जोडाक्षरांसारखी गुंफलेली खूण त्या पट्ट्यात आढळते. हा कारखाना १९७२ साली आगीत नष्ट झाला. मूळ तबकडीवर जो ठसा असल्याचे माहीत आहे, तो हातातल्या प्रतीवर नसेल आणि त्या जागी अनोळखी हाताने खरडलेला नुसता क्रमांक असेल, तर संशयाला भक्कम आधार मिळतो.

दुसरी खूण द्रव्याची. अमेरिकेत सात इंची तबकड्या दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या असत. व्हायनल हे तापवून दोन साच्यांमध्ये दाबले जाते आणि कागदी लेबल त्याच दाबाखाली तबकडीत बसते. स्टायरीन हे वितळवून साच्यात सोडले जाते आणि लेबल नंतर चिकटवले जाते. स्टायरीनची तबकडी हलकी आणि ताठ असते, टिचकी मारल्यास तिचा आवाज अधिक टणक येतो, आणि जाड किंवा झिजलेल्या सुईने तिच्या खाचा लवकर खरवडल्या जातात. जे गाणे मूळ काळात केवळ स्टायरीनवर निघाले, त्याची व्हायनलवरची प्रत मूळ असू शकत नाही. आणि नकला, विशेषतः ब्रिटनमध्ये घडलेल्या, बहुतेक व्हायनलच्याच असतात.

पुतणी येथे योग्य ती शंका काढते. एकच गाणे पूर्व किनाऱ्यावरच्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन कारखान्यांत एकाच आठवड्यात छापले गेले असेल, तर एक प्रत व्हायनलची आणि दुसरी स्टायरीनची असूनही दोन्ही अस्सल ठरतील. मग द्रव्यावरून निवाडा कसा करायचा? काका हे मान्य करतात आणि त्यातूनच पद्धतीचा मुख्य नियम सांगतात : एकटी खूण कधीही निर्णायक नसते, आणि तुलना नेहमी निर्विवाद अस्सल असलेल्या प्रतीशीच करायची असते. लेबलाचेही तसेच आहे. १९६०च्या दशकातील अनेक लेबलांवरचा मजकूर खिळ्यांनी छापलेला असे, त्यामुळे भिंगाखाली अक्षरांची कड स्पष्ट दिसते आणि कागदावर दाबाची पुसट खोलीही जाणवते. मूळ लेबलाचे छायाचित्र घेऊन केलेल्या नकलेत अक्षरे किंचित फुगतात, बारीक रेषा भरून जातात आणि सपाट रंगाच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसते. अतिनील दिव्याखाली लेबल किती चमकते हे पाहण्याची चालही काही संग्राहकांत आहे, परंतु कागद उजळ करणारी रसायने १९६०च्या दशकातही वापरात असल्याने या चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. याउलट एक खूण कायद्याने दिलेली आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले, आणि वर्तुळात बसवलेले ‘पी’ हे अक्षर तेथील तबकड्यांवर त्यानंतरच रूढ झाले. म्हणून १९६६ सालची म्हणून विकल्या जाणाऱ्या अमेरिकी तबकडीवर ते चिन्ह दिसले, तर ती निदान नंतरची छपाई आहेच.

शेवटची खूण कानांची, आणि या बाबतीत पुतणी काकांच्या एक पाऊल पुढे आहे, कारण ती लेबल न पाहता ऐकते. तबकडीवरून उतरवलेल्या नकलेत मूळ प्रतीची खरखर कायमची कोरली जाते. तबकडी कोरी आणि झगझगीत असूनही गाण्यामागे जुन्या सुईचा आवाज ऐकू येतो, झांजांचा वरचा पट्टा मंदावतो, आणि गाणे विरत जाण्याचा शेवटचा भाग काही वेळा आधीच तोडलेला असतो. ती म्हणते, “हे ऐकू येते, काका. नक्कल वाईट वाजते, हे मान्य. पण उत्तम नक्कल असेल तर?”

“उत्तम नक्कल अधिक घातक,” काका उत्तरतात. “खाचांत गाणे आहे, कोऱ्या पट्ट्यात इतिहास आहे. हे गाणे कोणत्या गावात, कोणत्या कारखान्यात, साधारण कधी घडले याची साक्ष तिथे असते. मोटाउनसारख्या कंपनीच्या वह्या जपल्या गेल्या. गल्लीतल्या लेबलाची वही कोणी जपली? त्याच्या बाबतीत तबकडी हाच एकमेव दस्तऐवज उरतो, आणि त्यात खोटी प्रत मिसळली की दस्तऐवजच नासतो.”

पुतणी मग तिचा सर्वांत भेदक मुद्दा मांडते. “पाचशे डॉलरची अस्सल तबकडी तुम्ही दुसऱ्या संग्राहकाकडून घेतली, तर गायकाला किती मिळाले? शून्य. दहा डॉलरच्या नकलेतून किती मिळाले? तेही शून्य. गाणाऱ्याच्या दारात उभे राहिले, तर दोघेही सारखेच रिकाम्या हाताने आलेले. मग नीतीचा अभिमान संग्राहकाने कशाचा बाळगायचा?”

याचे उत्तर कायद्यातही नीट सापडत नाही. विकलेली वस्तू पुन्हा विकण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला असतो, आणि जुन्या तबकडीच्या फेरविक्रीतून कलावंताला वाटा द्यावा असा नियम अमेरिकेत नाही. १९०९च्या कायद्याप्रमाणे गीतकार-संगीतकाराला प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्यासाठी दोन सेंट मिळत, आणि हा दर १९७८ सालापर्यंत तसाच राहिला. गाणाऱ्याला जे मिळे ते कंपनीच्या कराराप्रमाणे, आणि लहान लेबलांच्या बाबतीत पुष्कळदा काहीच नाही. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तर फक्त राज्यांच्या कायद्यांचाच आधार होता. ‘गोल्डस्टीन विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली तो आधार वैध ठरवला, आणि संघराज्याचे संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचायला २०१८ साल उजाडावे लागले. या पार्श्वभूमीवर पुतणीचा प्रश्न खरा आहे, आणि काकांनी त्यापुढे मौन बाळगणे हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

सिॲटलच्या संगीताचे पुढे जे झाले, ते या दोघांच्याही युक्तिवादात न बसणारे आहे. ब्लॅक ऑन व्हाइट अफेअर या गटाची ‘बोल्ड सोल सिस्टर, बोल्ड सोल ब्रदर’ ही तबकडी १९७० साली टोपाझ या स्थानिक लेबलावर निघाली. तिच्यासारख्या अनेक तबकड्या थोड्या प्रतींत छापल्या गेल्या, शहराबाहेर फारशा गेल्या नाहीत, आणि डिस्कोच्या लाटेत त्यांचे वादक पांगले. पुढे सुप्रीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका स्थानिक डीजेला जुन्या मालाच्या ढिगांत या तबकड्या सापडू लागल्या. लाइट इन द ॲटिक या सिॲटलच्याच कंपनीने वादकांना शोधून काढले, परवानग्या घेतल्या आणि २००४ साली ‘व्हीडल्स ग्रूव्ह’ या नावाने १९६५ ते १९७५ या दशकातील सिॲटलच्या फंक आणि सोल संगीताचा संग्रह काढला. पांगलेले वादक पुन्हा मंचावर आले, आणि त्यांच्यावर २००९ साली एक माहितीपटही निघाला. या काळातील ध्वनिमुद्रणांशी ज्याचे नाव निगडित आहे, तो कर्नी बार्टन हा तंत्रज्ञ २०१२ साली वारला. त्याच्या हजारो फिती युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या एथ्नोम्युझिकॉलॉजी (संगीत-मानवशास्त्र) संग्रहात आहेत, आणि त्याच विद्यापीठाची एक शाखा १९९० पासून बॉथेलमध्ये आहे.

या घटनेत काकांचा मुद्दा सिद्ध होतो, कारण लेबलावरची आणि कोऱ्या पट्ट्यावरची अक्षरे खरी नसती, तर त्या ढिगातून सिॲटलचा इतिहास उभा करताच आला नसता. पुतणीचाही मुद्दा सिद्ध होतो, कारण दुर्मीळ प्रतींच्या किमती कितीही वाढल्या असत्या तरी त्या वादकांना कोणी मंचावर बोलावले नसते; ते काम सर्वांना परवडणाऱ्या नव्या प्रतीने केले. मात्र ती प्रत परवानगीची होती, आणि स्वतःचे साल तिच्यावर स्पष्ट छापलेले होते.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या अभ्यासकांनी जुन्या हिंदुस्थानी गायक-गायिकांच्या ध्वनिमुद्रणांच्या सूच्या सिद्ध करण्यासाठी जो आधार घेतला, तो याच मॅट्रिक्स क्रमांकांचा. आणि १९८०च्या दशकातील नकली कॅसेटींनी गाणी खेडोपाडी नेली, पण वेष्टनावर गायकाचे किंवा वादकांचे नाव अथवा ध्वनिमुद्रणाचे साल बहुधा ठेवले नाही. ती कॅसेट ऐकून वाढलेल्या माणसाचा आनंद खोटा नव्हता. तरी त्या कॅसेटवरून आज इतिहास लिहिता येत नाही.

म्हणून या वादात नकला नष्ट कराव्यात असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण १९७०च्या दशकातील चोरटी तबकडी हीदेखील त्या दशकाची वस्तू आहे आणि एडी फॉस्टरच्या खोट्या नावाची कथा तिच्याशिवाय सांगता येत नाही. चूक आहे ती नक्कल म्हणून न सांगता विकण्यात. ज्याला केवळ ऐकायचे आहे, त्याने परवानगीने निघालेले पुनर्मुद्रण घ्यावे, कारण गाणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना काही मिळण्याची शक्यता फक्त तेथेच आहे. ज्याला मूळ प्रत हवी आहे, त्याने पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे लेबलाबरोबर कोऱ्या पट्ट्याचेही छायाचित्र मागावे. आणि ज्याच्याकडे नक्कल आहे, त्याने ती पुढे देताना पाकिटावर तसे स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावे.